सवय चारचौघांत सुटते

मिशरी म्हणजे तंबाखूच, हे सांगायला कुणा बाईला फोन करायची गरज नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, ती कुटायची, चाळायची आणि डबीत भरून ठेवायची, हे सगळं तीच तर करते. भाजताना घरभर ठसका लागतो, पोरं बाहेर पळतात. ती चांगली नाही हेही तिला माहीत असतं. आशाताईंनी सांगितलेलं असतं, दवाखान्याच्या भिंतीवर चित्र लावलेलं असतं, तंबाखूच्या पुडीवरही असतं. तरी सकाळी उठल्यावर बोट आधी डबीत जातं आणि मग दातांवर.

फोनवरून आरोग्याचे निरोप पाठवण्याच्या कामात पडल्यापासून माझ्या डोक्यात हे बोटच आहे. मी मिनिट-दीड मिनिटाच्या संहिता लिहिते. त्या कुणीतरी छान आवाजात वाचतं आणि ठरल्या वेळी त्या शेकडो बायकांच्या फोनवर वाजतात. पलीकडे बाई असते, किंवा तिचा नवरा, किंवा फोन हातात सापडलेलं शेंबडं पोर. या निरोपांनी बोट डबीत जायचं थांबावं अशी अपेक्षा असते.

तंबाखू सोडवण्याच्या जगभरच्या बहुतेक कार्यक्रमांच्या डोळ्यांसमोर सिगारेट असते. आपल्याकडचा मामला वेगळा आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. एकूण प्रौढांपैकी विडी-सिगारेट ओढणारे होते ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे, लावणारे २४.४ टक्के; काही जण दोन्हींत मोडतात. आपली तंबाखू तोंडात आहे. विदर्भात खर्रा, इकडे मावा, गायछाप आणि चुना, आणि बायकांत मिशरी. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिशरीपर्यंत कुठली बंदी पोचणार? गरोदर बायकाही ती लावतात. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूर नसलेली तंबाखू, म्हणजे मुख्यतः मिशरीच, वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी जन्मली होती. ज्या बाईचं स्वतःचंच वजन चाळीस-बेचाळीस किलो आहे, तिच्या बाळाच्या बाबतीत हे १०५ ग्रॅम फार होतात.

हा आकडा मला इतका महत्त्वाचा वाटला की तो निरोपात घालायचाच असं मी ठरवलं. असे निरोप आधी थोड्या बायकांना ऐकवून बघायचे असतात. अंगणवाडीच्या ओसरीवर दहा-बारा जणी जमल्या होत्या, दुपारची वेळ, बहुतेकींच्या मांडीवर काही ना काही निवडायचं काम. मी फोन मध्ये ठेवून निरोप लावला. सगळ्यांनी नीट ऐकला. संपल्यावर पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, हे समदं खरं हाय. पर मिशरी लावल्याबिगर मला परसाकडंच होत न्हाई. त्याचं काय सांगती का ही बाई?" हसू पिकलं, पण दोघी-तिघींनी लगेच माना डोलावल्या. मग तिच्या शेजारची, जरा तरुण, हळूच म्हणाली, "आन् दुपारी समद्या बसल्यावर डबी फिरती. मी एकलीनं नको म्हनू?"

या दोन वाक्यांवर मी पुढे बरंच काम केलं. त्यांतलं पहिलं वाक्य शास्त्राला धरून आहे. निकोटीनमुळे आतड्याची हालचाल वाढते, आणि ते बंद केलं की बद्धकोष्ठ होणं हे तंबाखू सोडतानाचं ओळखीचं लक्षण आहे. ही तक्रार काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी ओसरते. पण ती होणार आहे हे आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई म्हणते, आपल्या अंगाला हे मानवत नाही, आणि डबी परत उघडते. आमच्या निरोपांत कर्करोग होता, बाळाचं वजन होतं, पैशांचा हिशेबही होता. पोट साफ होण्याबद्दल अक्षर नव्हतं. आता आहे: सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी जास्त, आणि "चार दिवस त्रास होईल, तो तंबाखू अंगातून निघत असल्याचा आहे" हे स्पष्ट वाक्य. संहितेतली सगळ्यात कमी सुंदर ओळ हीच असेल, पण बायका तीच परत लावून ऐकतात.

दुसरं वाक्य जास्त अवघड होतं. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ सुसान मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्तनबदलाचा एक साधा आराखडा मांडला. माणसाच्या हातून एखादी गोष्ट घडायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: ती करता येण्याची क्षमता, करू देणारी परिस्थिती आणि करण्याची इच्छा. आरोग्याच्या कार्यक्रमांचा जवळजवळ सगळा भर इच्छेवर असतो. भीती घाला, कौतुक करा, मुलांची आठवण काढून द्या, म्हणजे इच्छा जागी होईल. ओसरीवरच्या त्या तरुण बाईला इच्छा होतीच. तिची अडचण फिरत्या डबीची होती. दुपारच्या त्या अर्ध्या तासात सगळ्या जणी भिंतीला टेकतात, सुना-सासवा-जावा-शेजारणी, आणि डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. त्या डबीला नको म्हणणं म्हणजे त्या बसण्यालाच नको म्हणणं. कानाशी कितीही गोड आवाज बोलला तरी तो त्या ओसरीवर तिच्या शेजारी येऊन बसत नाही.

आपल्याकडे लोक सवयी सोडत नाहीत, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चातुर्मासात घरंच्या घरं कांदा-लसूण, वांगं सोडतात. कांदेनवमीला भजी करून कांद्याला रीतसर निरोप देतात आणि कार्तिकी एकादशीपर्यंत त्याच्याकडे बघत नाहीत. आणि माळ घातलेला माणूस? कालपर्यंत मटणाच्या पंगतीला पहिल्या रांगेत असणारा गडी पंढरपूरला जाऊन येतो, गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून मटण-दारू बंद. त्याचं मनोबल एका रात्रीत वाढलेलं नसतं. माळ दिसते, म्हणून पुढ्यात ताट आणताना वाढणाराच थांबतो. लग्नात कुणी आग्रह करत नाही. मित्र त्याच्यासाठी वेगळं शिजवतात. सोडायचा दिवस ठरलेला, खूण सगळ्यांना दिसणारी, आणि सांभाळायला आख्खं गाव. वर्तनबदलाच्या पुस्तकांत ज्याला सामाजिक आधार आणि परिस्थितीतला बदल म्हणतात, ते वारकरी शतकानुशतकं करत आले आहेत. सवय चारचौघांत लागते आणि बहुतेक वेळा चारचौघांतच सुटते, असं माझं मत आहे. फोनवरचा कार्यक्रम आखणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न त्यामुळे हा, की माझा निरोप ऐकून या बाईच्या बाजूने आणखी एक माणूस उभं राहणार आहे का?

ज्या कार्यक्रमांनी खरोखर काही साधलं, त्यांत हा दुसरा माणूस कुठे ना कुठे सापडतो.

केनियातलं उदाहरण मला फार आवडतं. एचआयव्हीची औषधं रोज घ्यावी लागतात, आयुष्यभर. तिथल्या तीन दवाखान्यांतल्या ५३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात एका गटातल्या रुग्णांना दर सोमवारी सकाळी परिचारिकेकडून एकच शब्द जायचा, 'मांबो?', म्हणजे 'काय, कसं काय?'. रुग्णाने ४८ तासांत कळवायचं, बरं आहे किंवा अडचण आहे. अडचण असेल किंवा उत्तरच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन. औषधाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही, उपदेश तर नाहीच. फोन घरात दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तरी एका ओळखीच्याने खुशाली विचारली एवढंच त्याला कळणार. वर्षाच्या शेवटी या गटातले ६२ टक्के लोक औषधं नीट घेत होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ५० टक्के होतं. आपलं उत्तर कुणीतरी वाचणार आहे आणि उत्तर दिलं नाही तर कुणीतरी फोन करणार आहे, हे माहीत असणं हाच तो उपचार होता, असं मी समजते.

त्याच देशातल्या दुसऱ्या एका चाचणीत नुसत्या आठवणीचे एसएमएस पाठवले. आठवड्याला एक पाठवला त्या गटात फायदा दिसला: तिथल्या ५३ टक्के लोकांनी किमान ९० टक्के डोस नीट घेतले, निरोप न मिळालेल्यांत असे ४० टक्के होते. रोज एक पाठवला त्या गटात मात्र फायदा दिसला नाही. निरोप लांबवून त्यात धीराचे शब्द घातले, त्यानेही काही वाढलं नाही. रोज वाजणाऱ्या घंटेकडे माणूस लक्ष देईनासा होतो.

मग निरोप कमीच पाठवावेत का? तसंही सरसकट म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी केलेल्या 'टेक्स्ट-टू-स्टॉप' या कार्यक्रमात पहिले पाच आठवडे दिवसाला पाच निरोप जात आणि पुढचे २६ आठवडे, आठवड्याला तीन. आधी सोडायची तारीख ठरवायची आणि मारा त्या तारखेच्या आसपास. तलफ आली की एक ठरलेला शब्द पाठवायचा, लगेच उत्तर येणार. हात घसरला तर त्यासाठी वेगळा शब्द आणि वेगळं उत्तर. शिवाय, ज्यांना हवं त्यांना सिगारेट सोडणाऱ्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर मिळे, म्हणजे ते दोघं एकमेकांशी बोलत. ५,८०० लोकांवर ही चाचणी झाली. सहा महिन्यांनी लाळ तपासून खात्री केली तेव्हा या गटातल्या १०.७ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, दुसऱ्या गटातल्या ४.९ टक्के. प्रमाण दुपटीहून जास्त! पण शंभरातल्या जवळपास नव्वद जणांची सुटली नाही, हेही तितकंच खरं आहे. या क्षेत्रात उत्तम यश म्हणजे साधारण एवढं, हे पैसे देणाऱ्यांना आणि स्वतःलाही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आपल्या देशातही चांगलं उदाहरण आहे. दक्षिणेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ कामकरी पुरुषांना सुरुवातीला सगळ्यांनाच खाण्यापिण्याचा आणि व्यायामाचा सल्ला दिला गेला. त्यातल्या निम्म्यांना पुढे दोन वर्षं, त्यांनी स्वतः निवडलेल्या वेळी, एसएमएस जात राहिले. मनाची तयारी कुठवर आली आहे ते पाहून मजकूर बदलायचा. दोन वर्षांत त्यांच्यातल्या १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, एसएमएस न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना. इथेही सुरुवात समोरासमोरच्या भेटीने झाली होती, हे वाचताना निसटून जातं.

भेटीशिवाय, नुसत्या ध्वनिमुद्रित आवाजावर किती साधतं? 'किलकारी' हा आपल्या आरोग्य मंत्रालयाचा प्रचंड कार्यक्रम आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ कॉल, त्यातून डॉक्टर अनिता नावाचं पात्र बोलतं. मध्य प्रदेशात पाच हजारांहून अधिक गरोदर बायकांवर त्याची नेटाने चाचणी झाली. गर्भनिरोधक साधनांच्या वापरात थोडी वाढ दिसली, पण पहिले महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध देण्याच्या बाबतीत म्हणावा असा फरक पडला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. बाळाला घुटी द्यायची, मध चाटवायचा की पाणी पाजायचं, हे आईने कॉल ऐकून ठरत नसतं. ते घरातली मोठी बाई ठरवते, आणि तिच्यापर्यंत डॉक्टर अनिता पोचलेली नसते. किलकारीला मी नावं ठेवत नाही. एवढ्या लोकांना, एवढ्या कमी खर्चात, बरोबर आठवड्याला बरोबर माहिती पोचवणं ही साधी गोष्ट नाही. पण दूध पाजण्याचा निर्णय बदलायचा तर आजीच्या नावाने वेगळा कॉल लागेल.

इथे फोन कुणाचा हा प्रश्न येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशभरात ५४ टक्के निघाल्या. बाकीच्यांचा फोन नवऱ्याबरोबर शेतावर, रिक्षात किंवा कंपनीत असतो आणि रात्री घरी येतो. म्हणून आम्ही वेळ बायकांनाच विचारतो. बऱ्याच जणी रात्री साडेआठ-नऊ सांगतात, स्वयंपाक उरकल्यावर. तेव्हा फोन स्पीकरवर लावला जातो आणि आख्खं घर ऐकतं. पूर्वी ही अडचण समजून निरोप 'फक्त तुमच्यासाठी' असे लिहिले जात. मिशरीच्या बाबतीत मला ती संधी वाटते. घर ऐकतंच आहे, तर घराशी बोलावं. "तुमच्या सूनबाईंनी सोमवारपासून मिशरी सोडायचं ठरवलंय. दुपारी डबी फिरली की तिच्या हातात बडीशेप द्या." हे वाक्य सासूच्या कानावर स्पीकरवरून पडलं, तर माळेचं थोडंसं काम ते करतं.

प्रत्येक विषयात हे चालत नाही. गर्भनिरोधकाच्या गोळ्या, मारहाण, एचआयव्ही यांच्याबद्दल स्पीकरवर बोललं तर बाईचंच नुकसान होईल, कधी जिवावरही बेतेल. अशा ठिकाणी केनियातल्या त्या सोमवारच्या निरोपासारखं, वरून काहीच कळू नये असं लिहावं लागतं. म्हणून कुठला निरोप घराला आणि कुठला तिला एकटीला, हे आराखडा कागदावर असतानाच ठरायला हवं. बायकांना विचारूनच ठरवावं. त्यांना आपापली घरं माहीत असतात.

मध्येच गळणाऱ्यांचं काय? इंटरनेटवरच्या आरोग्यसेवेचे अभ्यासक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं की इंटरनेटवरच्या आरोग्य कार्यक्रमांतून लोक मोठ्या संख्येने गळतात, आणि ती गळतीच अभ्यासायला हवी. बहुतेक ॲप यावर सलग दिवसांची मोजणी हा उपाय करतात: इतके दिवस झाले, आता तोडू नका. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि माणूस ॲपच काढून टाकतो. लंडनमधल्या फिलिपा लाली यांच्या २०१० च्या अभ्यासात ९६ लोक एकेक नवी सवय लावून घेत होते. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं, आणि एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही. हा अभ्यास सवय लावण्याचा आहे, सोडण्याचा नाही, हे लक्षात ठेवूनही मला त्यातून धीर येतो. माहेरच्या लग्नात डबी हाती लागली आणि दोन दिवस मिशरी लावली, अशा बाईला शून्य दाखवणारा कार्यक्रम मला नको आहे.

गळती थांबवण्याचं याहून चांगलं काम मुंबईत झालं आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'अरमान' संस्थेचा 'एममित्र' हा कार्यक्रम गरोदर बायकांना आणि लहान बाळांच्या आयांना त्यांच्या भाषेत कॉल करतो. काही महिन्यांत अनेक जणी ऐकायचं सोडून देतात. संस्थेकडे फोन करून समजावणारी माणसं मोजकी, बायका लाखो. गूगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी एक पद्धत बसवली. आतापर्यंतच्या ऐकण्यावरून, आता फोन केला तर कुणाला सर्वांत जास्त उपयोग होईल, हे संगणक काढतो, आणि त्या आठवड्यात त्या बायकांना खरं माणूस फोन करतं. सुमारे २३ हजार बायकांवर हे तपासलं तेव्हा ऐकणं सुटण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. पाळीपाळीने फोन करून तेवढा फायदा झाला नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव निघालं की आता माणसांची गरज उरणार नाही असं बोललं जातं. इथे त्या यंत्राचं सगळं काम, माणसाचा आवाज कुठे खर्च करायचा एवढं ठरवण्याचं आहे.

आणि हा माणसाचा आवाजच पैशांच्या कागदावर सर्वांत आधी कापला जातो. प्रस्तावात लिहितात की ध्वनिमुद्रित कॉल अमुक पैशांत एक, इतक्या लाख बायकांपर्यंत पोच, दर माणशी खर्च इतका कमी. किती कॉल गेले, किती उचलले, किती सेकंद ऐकले, हे तक्त्यात सुंदर दिसतं. किती डब्या बंद झाल्या हे त्या तक्त्यात नसतं, कारण ते कळायला कुणाला तरी घरी जावं लागतं किंवा सहा महिन्यांनी फोन करून नीट विचारावं लागतं. तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून छापला जाणारा १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक मला त्यासाठीच मोलाचा वाटतो. तिथे समुपदेशक बोलतात, सोडायची तारीख ठरवून घेतात आणि नंतर परत विचारपूस करतात. आमच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी तो क्रमांक असतो, सावकाश, दोनदा सांगितलेला.

सध्या पुढच्या वर्षाचा आराखडा माझ्यापुढे आहे. त्यात निरोप निम्म्याने कमी केले आहेत. प्रत्येक बाईने नाव नोंदवताना आपल्याबरोबर आणखी एकीचं नाव द्यायचं, जाऊ असो, शेजारीण असो की सासू, आणि दोघींची तारीख एकच ठरवायची. शक्यतो चातुर्मास लागताना, कारण तेव्हा सोडण्याची भाषा घराघरांत आधीच चालू असते. तिसऱ्या दिवशी, पोट बिघडतं तेव्हा, ध्वनिमुद्रण जाणार नाही. त्या दिवशी त्यांच्याच तालुक्यातली, त्यांच्यासारखीच बोलणारी बाई फोन करील आणि म्हणेल, "कसं चाललंय मावशी?" अशा चार बायकांचा वर्षाचा पगार मी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर टाकला आहे. ती ओळ काढायला सांगतील. तेव्हा तिच्या बदल्यात पाहिजे तेवढे ध्वनिमुद्रित कॉल कमी करा, असं सांगायचं मी ठरवलं आहे.